दोन पाण्यांमधलं तांबं

कवितेचं करतात तसं रसग्रहण अवजाराचंही करता येतं, फक्त ते कुणीतरी मन लावून घडवलेलं हवं. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, केंब्रिज शहराच्या प्रेस्टन भागात, माझ्या एका मित्राच्या गॅरेजमध्ये असं एक अवजार खुंटीला टांगलेलं आहे. पंधरा मीटर लांब तांब्याची नळी, बाहेरून साडेनऊ मिलिमीटर जाडीची, सतरा-अठरा वेढ्यांत गोल गुंडाळलेली. वेढ्यांचा घेर मोठ्या पातेल्यात सहज उतरेल एवढा. नळीची दोन्ही टोकं वर येतात, पातेल्याच्या काठावरून बाहेर वळतात आणि तिथे त्यांना प्लॅस्टिकच्या नळ्या जोडल्या आहेत. एका टोकातून नळाचं गार पाणी आत जातं, दुसऱ्यातून तापून बाहेर पडतं. घरी बिअर करणारे याला वर्ट चिलर म्हणतात. त्यात हलणारा भाग एकही नाही, त्याला वीज लागत नाही, आणि हात बसलेला असेल तर बनवायला एक रविवार पुरतो.

हा चिलर मी आधी खुंटीवर पाहिला, मग वापरात पाहिला, आणि मग त्याच्या एकेका वळणापाशी थांबायला लागलो. विनाकारण असं त्यात काहीही नाही. आणि सगळ्या कारणांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: मिलिमीटरहूनही पातळ अशी एक भिंत, जिच्या आत एक पाणी आहे आणि बाहेर दुसरं. बाहेरच्याने आतल्याला आपली सगळी उष्णता देऊन टाकायची, पण थेंबाची देवाणघेवाण करायची नाही. या अवजारात मला जे सुंदर वाटतं ते हेच. बाकीचं सगळं या एका अटीतून उगवलेलं आहे.

आशयापासून सुरुवात करतो. सातूला मोड आणून, वाळवून, भरडून केलेला माल्ट पासष्ट-सदुसष्ट अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरवला की त्यातल्या पिठूळ भागाची साखर होते. गाळल्यावर मिळतो तो गोड काढा म्हणजे वर्ट. तो तासभर खळखळून उकळायचा, उकळता उकळता त्यात हॉप्सची फुलं टाकायची. कडूपणा आणि सुगंध त्यांचा. तास भरला की गॅस बंद. या क्षणी काढ्यात उपद्रवी असं काही जिवंत उरलेलं नसतं. पण ज्याच्याकडून पुढचं काम करून घ्यायचं ते यीस्ट मात्र जिवंतच हवं, आणि ते उकळत्या काढ्यात टाकलं तर मरेल. नेहमीच्या एल जातीच्या बिअरचं यीस्ट अठरा-वीस अंशांना खुशीत असतं. म्हणजे शंभरावरून विसावर यायचं आहे, आणि हा उतार रेंगाळत उतरण्यात धोका आहे.

धोके एका प्रकारचे नाहीत; उताराच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळा दबा धरून बसलेला आहे. शंभर ते ऐंशीच्या दरम्यान हॉप्समधली आम्लं रूप बदलून कडू होत राहतात. शेवटच्या मिनिटाला निव्वळ सुगंधासाठी टाकलेली फुलं तशाच गरम काढ्यात अर्धा तास पडून राहिली, तर त्यांचा वास उडून जातो आणि न मागितलेला कडवटपणा उतरतो. त्याच टप्प्यात माल्टमधल्या एका गंधकयुक्त द्रव्यापासून डायमिथाइल सल्फाइड तयार होत असतं. त्याला उकडलेल्या मक्याचा वास येतो. उकळी चालू असेपर्यंत ते वाफेबरोबर निघून जातं. उकळी थांबली की तयार व्हायचं थांबत नाही, बाहेर पडायचं मात्र थांबतं. फिकट, कमी भाजलेल्या माल्टमध्ये हे जास्त. साठ अंशांच्या खाली आलं की जंतूंची पाळी. साठ ते तीस हा पट्टा त्यांना मानवणारा, आणि समोर साखरेचं पाणी उघडं पडलेलं. यीस्टच्या आधी त्यांनी जम बसवला तर महिनाभराची वाट पाहणं फुकट. शिवाय काढ्यातली प्रथिनं आणि टॅनिनं झपाट्याने गार केल्यावर एकमेकांना धरून पुंजके होतात आणि खाली बसतात. सावकाश गार केलं तर त्यातली बरीचशी वरच तरंगत राहतात आणि ग्लासात, तेही बिअर थंड केल्यावरच, धुरकटपणा बनून दिसतात.

आता आकडा पाहा. वीस लिटर काढा ऐंशी अंशांनी खाली आणायचा म्हणजे त्यातून सुमारे ६,७०० किलोजूल उष्णता काढायची. विजेच्या बिलाच्या भाषेत जवळजवळ १.९ युनिट. एवढी उष्णता वीस-पंचवीस मिनिटांत, काढ्याला उघड्या पाण्याचा स्पर्श न होऊ देता, बाहेर न्यायची आहे. घरात पहिलं सुचतं ते म्हणजे पातेलं गार पाण्याच्या टबात ठेवणं. चार-पाच लिटरला ते चालतं. वीस लिटरला पुरत नाही, कारण पातेल्याच्या मधला काढा भिंतीपासून फार लांब असतो. गारवा बाहेरून लावण्याऐवजी तो काढ्याच्या आत, सगळीकडे नेऊन ठेवायचा, ही कल्पना म्हणजे हे वेटोळं.

केंब्रिजला नवीन आलेल्या प्रत्येकाला आणखी एक युक्ती सुचते: बाहेर दोन फूट बर्फ पडलेला आहे, पातेलं त्यात ठेवून द्या. हे फसतं, आणि का फसतं ते समजण्यासारखं आहे. गरम पातेल्याभोवतीचा बर्फ क्षणात वितळतो, पाणी खाली झिरपून जातं, आणि पातेल्याभोवती हवेची पोकळी उरते. भुसभुशीत हिमात मुळात हवाच जास्त, म्हणून ते उष्णता अडवून धरतं. वर उणे दहा तापमान असूनही आतला काढा तासभर कोमटच राहतो. गारवा किती आहे यापेक्षा तो काढ्याला किती चिकटून आहे आणि किती वेगाने बदलतो आहे, यावर सगळं ठरतं. वाहतं पाणी इथे हिमावर मात करतं.

आता रचना. माझा मित्र मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपांच्या आवाजात वाढलेला, त्यामुळे धातू हातात घेतला की तो आधी त्याचा स्वभाव विचारतो. ही नळी फ्रीज-एसीच्या कामासाठी विकतात. ताव देऊन मऊ केलेली असते आणि सैल गुंडाळीत मिळते. तांब्याची गंमत अशी की ते वाकवलं की कडक होतं. पुण्याच्या तांबट आळीत हंडा ठोकता ठोकता मध्येच पुन्हा भट्टीत घालतात ते याचसाठी. म्हणून नळी एकदाच, एका दमात, चुकार वळणाशिवाय गुंडाळायची. वळवलेली परत सरळ करायला गेलं तर ती चपटी होते आणि पाण्याची वाट तिथेच अडते. त्याने साच्यासाठी सोड्याचं स्टीलचं उभं पिंप घेतलं. नळी आपण पिंपाभोवती फिरवायची नाही. पिंप आडवं धरून हळूहळू फिरवायचं आणि नळी त्यावर येऊ द्यायची. वरची दोन काटकोनी वळणं सर्वांत अवघड. तिथे नळीत बारीक मीठ ठासून भरलं, टोकं चिकटपट्टीने बंद केली आणि मग वाकवलं. आतून मिठाचा आधार असल्याने नळी बसत नाही, आणि नंतर पाणी सोडलं की मीठ विरघळून जातं. वाळूनेही काम होतं, पण तिचा एखादा कण आत अडकून राहण्याची धास्ती असते.

वेढे एकमेकांना चिकटलेले नाहीत. विजेच्या वायरीवरचं आवरण सोलून काढलेली तांब्याची तार तीन ठिकाणी उभी विणली आहे, प्रत्येक वेढ्यावरून एकदा पुढून, एकदा मागून. त्यामुळे दोन वेढ्यांत बोटाच्या पेरापेक्षा थोडी कमी जागा राहते आणि काढा त्यातून मोकळा फिरतो. ही विणकाम केलेली तार पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती शोभेची वाटली होती. ती काढून टाकली तर वेढे एकमेकांवर बसतील आणि निम्मी तांब्याची कातडी काढ्याला भेटणारच नाही.

पण या रचनेतली मला सर्वांत आवडलेली जागा वेगळीच आहे, आणि ती चटकन दिसत नाही. नळीला प्लॅस्टिक जिथे जोडलं आहे ते दोन्ही सांधे पातेल्याच्या काठाबाहेर, काठाच्या पातळीच्याही खाली लोंबतात. त्यासाठी दोन्ही टोकांची वीतभर नळी जास्तीची खर्ची पडली आहे. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “सांधा पातेल्यावर कशाला ठेवायचा? सांधा आज ना उद्या रडणारच की. रडला तर जमिनीवर रडू दे.” क्लिप ढिली होते, गरम पाण्याने प्लॅस्टिक मऊ पडतं, थेंब सुटतो. तो थेंब नळाच्या कच्च्या पाण्याचा. पातेल्याच्या वर सांधा असता तर तो नळीवरून ओघळत थेट काढ्यात गेला असता. बाहेर वळून खाली लोंबणाऱ्या टोकावरून तो ओघळला तरी फरशीवरच पडतो. पातेल्यात बुडणाऱ्या भागात कुठेही डाख नाही, जोड नाही, सलग एकच धातू आहे. भिंतीची अट पाळायची तर जिथे भिंत फुटू शकते ती जागा काढ्यापासून दूर न्यायची, आणि हे त्याने कुठलीही जास्तीची वस्तू न लावता, केवळ नळी जरा लांब ठेवून साधलं आहे.

वापराची रीत या रचनेइतकीच नेटकी आहे. उकळी संपायला पंधरा मिनिटं असताना चिलर पातेल्यात उतरवतात. गार तांबं आत गेलं की उकळी क्षणभर बसते, मग पुन्हा उसळते. त्या पंधरा मिनिटांत नळीच्या बाहेरच्या अंगावरचं सगळं मरतं, वेगळं जंतुनाशक लागत नाही. मागच्या खेपेचं थोडं पाणी वेढ्यांत उरलेलं असेल तर तेही उकळतं आणि टोकातून वाफेची पिचकारी उडते. म्हणून मोकळी टोकं माणसाच्या दिशेला नसावीत, हे नवख्याला आधी सांगावं लागतं. गॅस बंद झाला की नळ सोडायचा. बाहेर पडणारं पहिलं पाणी हाताला सोसवत नाही इतकं कढत असतं. मिनिटा-मिनिटाला ते निवत जातं, आणि ते निवणं म्हणजेच आत काय चाललं आहे याची बातमी.

या बातमीला एक ठरलेली लय आहे. न्यूटनने १७०१ मध्ये निवण्याविषयी जे मांडलं ते इथे बोटांनी अनुभवता येतं: वस्तू आणि तिच्या भोवतालात तापमानाचा फरक जितका मोठा, तितकं निवणं वेगात. नळाचं पाणी दहा अंशांचं धरलं तर सुरुवातीला फरक नव्वद अंशांचा असतो, काढा तीसवर आला की विसाचा, आणि विसावर येताना फक्त दहाचा. म्हणजे शेवटी वेग सुरुवातीच्या नवव्या हिश्शावर येतो. शंभरावरून पन्नास पाहता पाहता होतं. तिसावरून वीस गाठताना माणूस घड्याळाकडे बघायला लागतो. याच वेळी घाईने नळ पूर्ण सोडण्याचा मोह होतो, आणि तो निरुपयोगी असतो. उपयोग होतो ढवळण्याचा. पातेलं स्थिर असलं की नळीला लागून काढ्याचा एक गार थर तयार होतो आणि तोच उष्णतेची वाट अडवतो. गार झालेला काढा जड होऊन तळाशी जातो, गरम वर राहतो, आणि खालचे वेढे आधीच गार झालेल्या काढ्यात रिकामे बसून राहतात. मित्र दोन्ही टोकं धरून चिलरच हलकेच वर-खाली आणि गोल हलवतो. त्याबरोबर बाहेर पडणारं पाणी लगेच पुन्हा गरम लागतं. हाताला जाणवणारा हा बदल मला या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत बोलका क्षण वाटतो: नळ तोच, तांबं तेच, आणि निव्वळ हलवण्याने दोन पाण्यांचं बोलणं पुन्हा सुरू होतं.

तांब्याविषयी इथे एक खुलासा केला पाहिजे, कारण त्याचं कौतुक करताना लोक थोडे वाहवतात. तांबं उष्णता स्टेनलेस स्टीलच्या सुमारे पंचवीसपट चांगली वाहून नेतं, हे खरं. त्यावरून स्टीलचा चिलर पंचवीसपट मंद असेल असं वाटतं, आणि तसं होत नाही. भिंत इतकी पातळ आहे की उष्णतेला तिच्यातून जायला फारशी अडचण कुठल्याच धातूत नसते. खरी अडचण भिंतीच्या दोन्ही बाजूंना चिकटलेल्या पाण्याच्या थरांची. स्टीलचा चिलर थोडाच मागे पडतो. तरीही मी तांब्याच्याच बाजूने आहे, आणि त्याला कारण त्याचं वळणं: घरच्या माणसाच्या हाताला ते ऐकतं. स्टीलची नळी अशी गॅरेजात गुंडाळता येत नाही.

मराठी घरातून आलेल्या माणसाला तांबं पाहिल्यावर दुसरी शंका येते. आंबट पदार्थ तांब्याच्या भांड्यात कळकतो, म्हणून तर आपण कल्हई करतो. ताक तांब्यात ठेवत नाहीत, मग हा काढा कसा चालतो? शंका रास्त आहे. काढा थोडा आम्लधर्मी असतोच, आणि त्याची खूण दिसते: काळपट-तपकिरी होऊन आत गेलेली नळी बाहेर निघते ती लखलखीत, कारण वरचा गंज काढ्याने खाल्लेला असतो. पण हा सहवास पाऊण तासाचा असतो, आणि एवढ्यात उतरणारं किंचित तांबं यीस्टला वाढायला उपयोगीच पडतं. आंबवण झाल्यावर बिअरची आम्लता बरीच वाढते. त्या बिअरला तांब्यात ठेवू नये, आणि हिरवा थर चढलेली नळी तर कधीच बुडवू नये. आधी व्हिनेगरने धुवावी. म्हणजे आजीचा नियम इथेही लागू आहे, फक्त घड्याळ लावून.

या साध्या वेटोळ्याच्या मागे जी मोठी माणसं उभी आहेत त्यांत मला पाश्चरचं नाव सर्वांत वर वाटतं. जर्मनांकडून १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला आणि पाश्चरने जिद्दीने फ्रेंच बिअर सुधारायला घेतली. बिअर नासते ती परक्या जंतूंमुळे, हे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं आणि १८७६ मध्ये बिअरवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याआधी, १८७३ मध्ये, त्याला अमेरिकेत बिअर करण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं होतं. त्यातली कल्पना अशी: उकळलेला काढा बंद भांड्यात ठेवायचा, हवा घालवायची, आणि भांड्याच्या बाहेरच्या अंगावर पाण्याचे फवारे मारून तो गार करायचा. पाणी बाहेर, काढा आत, मध्ये धातू. गॅरेजातल्या चिलरने यातली आतबाहेरची जागा उलटवली आहे, एवढाच फरक. पाश्चरच्या आधी कारखान्यांत काढा उघड्या, पसरट, उथळ परातींत निवत ठेवायचे. ब्रसेल्सच्या कान्तीयों या कारखान्यात छपराखाली अशी तांब्याची परात अजून वापरतात, थंडीच्या महिन्यांत, आणि हवेतून पडणाऱ्या जंगली यीस्टलाच बोलावणं असतं. ती बिअर आंबट आणि अप्रतिम असते, पण तिथे भिंत मुद्दाम काढून टाकलेली आहे. हिंदुस्थानात इंग्रजांनी वेगळीच वाट काढली: एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कसौली, मरी अशा हिमालयाच्या थंड ठिकाणी कारखाने नेले. जिथे हवा आणि पाणी आयतं गार, तिथेच बिअर.

केंब्रिजला पाणी आयतं गार आहे, आणि या चिलरचं अर्धं यश या गावाचं आहे. इथल्या नळाला मुख्यतः विहिरींचं, चुनखडीच्या थरांतून उपसलेलं पाणी येतं. दक्षिण ऑन्टारिओत जमिनीखालचं पाणी वर्षभर नऊ-दहा अंशांच्या आसपास असतं. उन्हाळ्यात वाटेतल्या पाइपांत थोडं तापतं इतकंच. हेच वेटोळं मे महिन्यात पुण्याच्या नळाला लावलं तर काढा तीसपर्यंत येऊन थबकेल, कारण पाणीच जेमतेम त्याच्या खाली. अर्थात पुण्यात हा प्रयोग होणार नाही. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली घरी बिअर करायला मोकळीक नाही, इथे स्वतःपुरती केली आणि विकली नाही तर हरकत नसते. चुनखडीच्या पाण्याची दुसरी बाजूही आहे. ते इतकं क्षारयुक्त असतं की बहुतेक घरांत मिठाचा सॉफ्टनर बसवलेला असतो. चिलरमधून कुठलंही पाणी चालतं. काढ्यासाठी मात्र सॉफ्टनरमधून आलेलं पाणी घ्यायचं नाही; बहुधा बाहेरच्या बागेच्या नळाला सॉफ्टनर जोडलेला नसतो, तिथून भरायचं. तो बागेचा नळ थंडीत फुटू नये म्हणून नोव्हेंबरपासून बंद असतो, आणि मग सगळा खटाटोप तळघरात, वॉशिंग मशीनच्या नळापाशी येतो.

या शहरात राहून हा चिलर पाहिला की आणखी एक नातं डोळ्यांत भरतं. केंब्रिज हे गॉल्ट, प्रेस्टन आणि हेस्पेलर ही गावं १९७३ मध्ये एकत्र करून झालेलं शहर. गॉल्टमध्ये १८४४ मध्ये डम्फ्रीज फाउंड्री सुरू झाली. पुढे ती गोल्डी अँड मॅकुलॉक झाली, वाफेची इंजिनं आणि बॉयलर करू लागली. १९२३ मध्ये बॅबकॉक अँड विल्कॉक्सकडे गेली. आज तिचा वारसा बीडब्ल्यूएक्सटी या कंपनीकडे आहे. त्यांच्या केंब्रिजच्या कारखान्यात कॅनडाच्या कॅन्डू अणुभट्ट्यांसाठी स्टीम जनरेटर तयार होतात. एकेक जनरेटर म्हणजे अजस्र उभं पिंप, आत निकेलच्या मिश्रधातूच्या इंग्रजी यूच्या आकाराच्या हजारो बारीक नळ्या. अणुभट्टीतून येणारं तीनशे अंशांच्या आसपासचं जड पाणी नळ्यांच्या आतून जातं, बाहेरचं साधं पाणी त्या उष्णतेने वाफ होऊन टर्बाइनकडे निघतं. आतलं पाणी किरणोत्सारी, बाहेरचं स्वच्छ. मध्ये मिलिमीटरच्या घरातली भिंत. तिथले कुशल कारागीर नळीचा प्रत्येक सांधा तपासत बसतात ते ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी प्रेस्टनच्या गॅरेजात एकाने आपले दोन सांधे पातेल्याबाहेर लोंबते ठेवले. दोन्हींतला धोका अर्थातच एका पारड्यात घालता येणार नाही. पण विचार एकच आहे, आणि तो या गावाच्या अंगात दीडशेहून अधिक वर्षं मुरलेला आहे.

आपल्याकडचा तांब्याचा बंब मला याच कुळातला वाटतो. मध्ये जळणाची उभी नळी, भोवती पाणी, दोघांमध्ये तांबं. विस्तव आणि पाणी एकमेकांना न भेटता पाणी तापतं. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की तोटीतून तेवढंच कढत पाणी बाहेर येतं. चिलर हा उलटा फिरवलेला बंब आहे. मित्राच्या आईने इथे सुट्टीला आल्यावर तो चालताना पाहिला आणि बाहेर पडणारं वाफाळतं पाणी बघून पहिला प्रश्न विचारला, “अरे, एवढं गरम पाणी सोडून काय देतोस?”

हा प्रश्न म्हणजे या रचनेवरची सर्वांत खरी टीका आहे. हिशोब केला तर वीस लिटर काढ्यासाठी आदर्श स्थितीतही पंचेचाळीसेक लिटर पाणी लागतं, प्रत्यक्षात साठ ते शंभर जातं. बिअर वीस लिटर, तिला निववायला तिच्या तिप्पट ते पाचपट पाणी. ऑस्ट्रेलियात पाण्याचं दुर्भिक्ष असल्याने अनेकांनी चिलरच सोडून दिला: उकळता काढा जाड प्लॅस्टिकच्या चौकोनी डब्यात काठोकाठ भरायचा, झाकण घट्ट लावायचं आणि रात्रभर आपोआप निवू द्यायचा. काढ्याच्या उष्णतेने डबा आतून निर्जंतुक होतो. हॉप्सचं गणित मात्र बदलावं लागतं. या पद्धतीचा मला आदर वाटतो. तिनेही भिंतीची अट पाळली आहे. सोडली आहे ती फक्त घाई.

दुसऱ्या टोकाला नळीत नळी घालून केलेला चिलर आहे. आतल्या नळीतून काढा एका दिशेने, बाहेरच्या नळीतून पाणी विरुद्ध दिशेने. त्यामुळे बाहेर पडताना जवळजवळ गार झालेल्या काढ्याला ताजं, सर्वांत गार पाणी भेटतं आणि तापमानाचा फरक सगळ्या लांबीभर टिकून राहतो. पाणी कमी लागतं, वेळही. दुधाच्या पाश्चरीकरणासाठी रिचर्ड सेलिगमनने १९२३ मध्ये काढलेल्या पातळ पत्र्यांच्या यंत्राची छोटी आवृत्तीही घरगुती वापरासाठी मिळते, ती तर एका हातात धरता येईल एवढी. कार्यक्षमतेत हे दोन्ही वेटोळ्याच्या पुढे आहेत, हे मान्य. पण त्यांत काढा आत जातो आणि दिसेनासा होतो. आत हॉप्सचा चोथा अडकला का, कोपऱ्यात काही वाढतं आहे का, हे डोळ्यांनी कळत नाही. विश्वास ठेवावा लागतो. वेटोळ्यात काढ्याला लागणारी तांब्याची प्रत्येक इंच जागा बाहेरची आहे. धुताना ती समोर असते, पुसताना हाताखाली येते. जंतूंशी ज्याचं वैर आहे अशा कामात हा उघडेपणा मला कार्यक्षमतेपेक्षा मोठा गुण वाटतो, आणि म्हणून नवशिक्याने वेटोळ्यापासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

आईच्या प्रश्नाने मात्र काम केलं. आता बाहेरची नळी आधी एका बादलीत सोडलेली असते. पहिलं वीसेक लिटर कढत पाणी भांडी आणि पातेली धुवायला जातं, त्यानंतरचं कोमट वॉशिंग मशीनच्या टाकीत. पुढचा बदल तो सध्या मांडतो आहे. काढा तीसवर आला की नळ बंद करायचा आणि एका बादलीत बर्फाचं पाणी घेऊन, छोट्या बुडत्या पंपाने तेच पाणी वेढ्यांतून फिरवत ठेवायचं. शेवटचे दहा अंश, ज्यांत सर्वांत जास्त पाणी वाया जातं, ते बादलीभर पाण्यात भागतील, आणि लागर जातीची बिअर करायची असेल तर दहा अंशांपर्यंतही उतरता येईल. यात वीज येईल, हलणारा भाग येईल, रचनेचा साधेपणा थोडा कमी होईल. मला ते पटतं. पंप बादलीतल्या पाण्यात राहील, बर्फ फ्रीजरमधला कसाही असला तरी चालेल, आणि काढ्याला त्या दोन्हींचा स्पर्श होणार नाही.